जमावबंदी म्हणजे सरसकट बंदी नव्हे

महोदय,

कोर्ट नाक्यावरच्या धरण्याची कालची बातमी वाचली. ‘शहरात कलम १४४ लागू असल्याने आंदोलन बेकायदा’ हे तिचे पहिलेच वाक्य चुकले आहे. १४४ ज्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते ती १ जुलै २०२४ ला गेली. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. शिवाय ठाण्यात वरचेवर निघणारा मनाई आदेश या दोन्हींखालचा नसतोच. तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) व (३) खालचा असतो.

हा काही आकड्यांचा कीस नाही. ३७ (१) शस्त्रे, काठ्या, दगड, प्रतिमा यांबद्दल आहे. जमाव आणि मिरवणूक येते ३७ (३) मध्ये, आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ही मनाई पंधरा दिवसांच्या पुढे चालत नाही. म्हणून एक आदेश संपतो न संपतो तोच दुसरा निघतो. कारणांचा परिच्छेद बहुतेकदा जुनाच. असे आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात १४४ संदर्भात स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीडमधला ३७ खालचा आदेश रद्दही केला. हे तुमच्या बातमीदाराला ठाऊक असायला हवे.

आदेशात पूर्वपरवानगी घेतलेल्या सभा-मोर्च्यांना साधारणपणे सूट असते. म्हणजे खरा प्रश्न परवानगीचा. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून निघू नये. जमण्याची जागा, मार्ग, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांचे मोबाइल आणि पांगण्याची वेळ लिहावी. शेवटची वेळच लोक विसरतात आणि वाहतूक शाखा नेमकी त्यावरच अडवते. तीन हात नाक्याहून कोर्ट नाक्याला जायचे तर नौपाडा आणि ठाणेनगर अशा दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दी लागतात. एकाच ठाण्यात अर्ज दिला की दुसरीकडे मोर्चा अडतो. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, महापालिकेची मंडपाची त्याहून वेगळी. महापालिकेने मैदान दिले म्हणजे पोलिसांनी हो म्हटले असे होत नाही.

आमच्या भागातल्या पाण्याच्या धरण्याचा अर्ज आठ दिवस आधी दिलेला होता. आदल्या रात्री साडेनऊला हाती पडली ती नोटीस. छापील नमुना जुनाच, जुन्या संहितेच्या ‘१४९’ वर पेनाने काट मारून नव्या संहितेचे ‘१६८’ केलेले, कारणाची ओळ कोरी. बायकांनी ती नकार समजून धरणे रद्द केले. १६८ ची नोटीस हा दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून दिलेला इशारा आहे. तो परवानगीचा नकार नाही, मनाई आदेशही नाही. नकार असेल तर तो लेखी, सकारण आणि वेळेत हवा, म्हणजे न्यायालयात तरी जाता येते. १९७२ च्या हिंमतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याच १९५१ च्या पोलीस अधिनियमाखालचा अहमदाबादचा नियम रद्द केला, कारण परवानगी कशावरून नाकारायची याचे निकषच त्यात नव्हते. रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येते, ती मुळातूनच बंद करता येत नाही.

राज्यघटनेचे कलम १९ (१)(ब) शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क देते. रुग्णवाहिकेला वाट न सोडणाऱ्या मोर्च्याची बाजू मी घेणार नाही. पण अर्धा रस्ता महिनाभर अडवणाऱ्या स्वागतकमानींना अशी नोटीस कोण देते, हेही एकदा छापा.

यापुढे ‘जमावबंदी’ची बातमी देताना कलम, आदेश काढणाऱ्याचे पद, कधीपासून कधीपर्यंत आणि सूट कोणाला, एवढ्या चार गोष्टी तरी द्याव्यात. आदेशाची प्रत मिळत नसेल तर तेच बातमीत लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (प.)