माझं बोलणं लिहून घेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. समोर बोलायला गेले तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलणार, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. पोरं मार्गी लागल्यावर साहित्य शिकावं म्हटलं, तर एका कॉलेजच्या खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "या वयात मराठी घेऊन काय करणार? पार्लरचा कोर्स करा." एका व्याख्यानात धीर करून प्रश्न विचारला, तर वक्ते म्हणाले, "आधी भरपूर वाचा, मग बोलू." लोक हसले. असू दे. दोघांचीही मापं घेऊन ठेवलीत मी.

तुमच्या संध्याकाळच्या वर्गात आले तेव्हा शेवटचा बाक धरला. ज्ञानेश्वरी, तुकोबा इथपर्यंत निभावलं. भजनाला जात असल्यामुळे कानाला सवय होती. मर्ढेकर आले आणि धडकीच भरली. तुम्ही अर्थ सांगायच्या आधी कविता सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला लावलीत. अर्धी होतेय तोवर मागून कुणीतरी ओरडलं, "अभंगच की हो ह्यो!" १९४७ सालच्या 'काही कविता' या संग्रहाचा कवी यंत्रयुगाचं दुखणं ओवी-अभंगाच्या साच्यात घालून मांडतो, हे मला त्या दिवशी कानानं कळलं. डोक्याला कळायला आणखी वेळ लागला.

पण आभार मानायचे आहेत ते वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' कादंबरीच्या दिवसाचे. खांडेकर म्हणजे आपल्या गावचे, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालेलं. कोल्हापुरात त्यांच्याविरुद्ध बोलणं म्हणजे पंगतीत तांबडा रस्सा परत पाठवण्यासारखं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मला नाही पटलं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघं आपापली गोष्ट सांगतात. पण बोलतात तिघं सारखंच. शर्मिष्ठेसारखी, राजकन्या असून दासी झालेली बाई इतकं नटवून बोलेल होय? आणि ज्यानं बापाला तारुण्य दिलं, त्या पुरूला स्वतःचं असं एकही प्रकरण नाही."

वर्ग चिडीचूप. पुढच्या बाकावरच्या निवृत्त गुरुजींनी वळून बघितलं. वाटलं, आता ऐकवणार मला.

तुम्ही खुर्ची सोडून माझ्या बाकाच्या टोकाला येऊन बसलात. खिशातलं पेन काढलंत, स्वतःची वही उघडलीत आणि म्हणालात, "पुरूचं परत सांगा. जरा सावकाश, लिहून घेतो."

आणि खरंच लिहून घेतलंत! आयुष्यभर मी लोकांची मापं वहीत उतरवत आले: छाती, कंबर, बाही. मी बोललेलं कुणी वहीत उतरवतंय, हे पहिल्यांदाच बघत होते. त्या रात्री शिवताना दोनदा दोरा तुटला, इतकं मन थाऱ्यावर नव्हतं. नंतर तुम्ही माझं म्हणणं खोडलंतही. सगळ्यांच्या तोंडी एकच अलंकारिक भाषा ही खांडेकरांनी जाणून केलेली निवड कशी असू शकते, ते दाखवलंत. मला अजून पटलेलं नाही. पण खोडायच्या आधी ऐकलंत, सर. शिकलेली माणसं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ऐकून घेण्यात मात्र त्यांचा हात आखडतो. ज्याला चांगुलपणा म्हणतात तो बहुतेक एवढासाच असतो, त्याला फी लागत नाही की पदवी.

आता करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणते, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनवरच उघडून ठेवते. पुढच्या सत्राला जाऊबाईही येतो म्हणतात. खांडेकर त्यांचा जीव की प्राण, तेव्हा आमचं भांडण ठरलेलंच आहे. तयारीत राहा.

आपली विद्यार्थिनी,
शेवटच्या बाकावरची