उत्तर आलं, पण रीत कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

मी बारा वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतेय. न्यूमेरिकल दिलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, फॉर्म्युला कुठला?" अजून गणित नीट वाचूनसुद्धा झालेलं नसतं.

परवा एक साधं गणित घातलं. २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सरळ वर फेकला, वेग सेकंदाला २० मीटर, जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) १० धरा, तर जमिनीवर पडायला किती वेळ? बहुतेकांनी आकृती काढली नाही, वरची दिशा प्लस की मायनस तेही ठरवलं नाही, थेट फॉर्म्युल्यात २५ टाकले आणि अडकले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वर्गमुळात मायनस चार येतंय, गणितच चुकीचंय का?" तिला फळ्यापाशी बोलावलं, गच्ची काढायला लावली, चेंडू काढला, वर जाणारा बाण काढून त्याला प्लस लिहिलं, तेव्हा तिचं तिलाच दिसलं की चेंडू शेवटी गच्चीच्या खाली जातोय म्हणजे ते मायनस २५ हवं. उत्तर आलं ५ सेकंद. मग पडताळून बघितलं, वर जायला २ सेकंद, तिथून ४५ मीटर खाली यायला ३. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे म्हटल्यावर मुलं ट्रिक शोधणारच, त्यांना मी दोष देत नाही. पण आम्ही शिक्षकही घरून सोडवून आणलेलं गणित फळ्यावर भराभर उतरवतो, मग कुठे थांबून विचार करायचा, हवेचा विरोध का सोडून दिला, हे मुलांना कळणार कसं? म्हणून हल्ली आठवड्यातून एकदा मुलांनी आणलेलं, मी आधी न बघितलेलं गणित त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलत सोडवते. चुकते तेव्हा खोडते, आणि का खोडलं तेही सांगते.

आपल्या पेपरात परीक्षेच्या दिवसांत सराव प्रश्न येतात, खाली नुसती उत्तरं असतात. माझी कळकळीची विनंती आहे, दर आठवड्याला एक तरी गणित पूर्ण रीतीसकट द्या, आकृती, दिशा, युनिट आणि प्रत्येक पायरी का केली त्याचं एक वाक्य. खेड्यातल्या ज्या मुलांना क्लास परवडत नाही त्यांच्या हातात पेपर तरी पडतो. जागा कमी पडत असेल तर दहा प्रश्नांऐवजी दोनच छापा.

— एक फिजिक्स शिक्षिका, जि. सातारा