पैसे आणणारा माणूस

पॉट्सडॅम,
रविवार संध्याकाळ

ती. स्व. नानाकाका यांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पैसे जमवायला शिकवणारं कॉलेज कसलं रे?" मागे काकू हसत होती, त्यामुळे उत्तर राहिलं. म्हणून हे पत्र.

इथे चित्रपटनिर्मितीच्या वर्गात एक नाव वरचेवर निघतं, जर्मन निर्माता एरिश पॉमर. तुमच्याच जातकुळीतला, फक्त त्याचे आकडे मोठे. १८८९ चा जन्म, बर्लिनमध्ये गोमाँ या फ्रेंच कंपनीत उमेदवारी, १९१५ मध्ये डेक्ला ही स्वतःची कंपनी. १९२० चा 'डॉ. कॅलिगरी' हा चित्रपट त्याच कंपनीचा. वाकड्या भिंती, तिरक्या खिडक्या, सावल्यासुद्धा रंगवलेल्या! इतरांना त्या पटकथेत प्रयोग दिसला, मला स्वस्तात होणारा चित्रपट दिसला, असं पॉमर स्वतःच पुढे सांगायचा. वर्गात सगळे हसले. मला मात्र तुम्ही प्लायवूड वाचवायला पाठीमागचा भाग न बांधताच उभा केलेला वाडा आठवला.

पण तो नुसता काटकसरी नव्हता. 'डेर लेट्स्टे मान' या चित्रपटाच्या वेळी त्याने दिग्दर्शक मुर्नाऊ आणि कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड यांना काहीतरी नवं शोधून काढा म्हणून सांगितलं, वेडेपणा वाटला तरी चालेल. फ्रॉइंडने कॅमेरा स्वतःच्या अंगाला बांधला आणि सेटवर चालायला लागला. १९२४ साली! निर्मात्याने नको म्हटलं असतं तर तो कॅमेरा तिकाटण्यावरच राहिला असता. पुढे 'मेट्रोपोलिस'ने मात्र दगा दिला. पंधरा लाख मार्कांचा अंदाज होता, खर्च पन्नास लाखांच्या वर गेला. चित्रीकरण संपायच्या आतच पॉमर 'ऊफा' ही जर्मन चित्रपट कंपनी सोडून हॉलिवूडला गेला. बजेट ओलांडणारा फ्रिट्झ लांग दिग्दर्शक म्हणून अमर झाला. तुम्हाला काही ओळखीचं वाटतंय का?

ऊफाने त्याला पुन्हा बोलावलं. तोवर बोलपट आले होते आणि डबिंग धड जमत नव्हतं. मग 'डेर ब्लाउए एंगल' जर्मनमध्ये आणि इंग्रजीत असा दोनदा चित्रित केला. हे ऐकून मी वर्गात हात वर केला आणि सांगितलं की कोल्हापुरात प्रभातनेही १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत केला होता. प्राध्यापकबाईंनी नाव फळ्यावर लिहून घेतलं. 'सैरंध्री'च्या रंगीत प्रिंटसाठी प्रभातची मंडळी जर्मनीतच आली होती, हेही सांगून टाकलं. ती गोष्ट तुमच्याकडूनच ऐकलेली.

'सैरंध्री' १९३३ ची. त्याच वर्षी मार्चमध्ये ऊफाने आपल्या ज्यू लोकांना काढायचं ठरवलं, त्यात पॉमरही. कंपनीला जगभर नाव मिळवून देणारा माणूस एका बैठकीत बाहेर. मग पॅरिस, लंडन, हॉलिवूड. १९४१ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि हातातलं कामही गेलं.

काका, मला अडकवून ठेवलं ते पुढच्या भागाने. १९४६ मध्ये तो जर्मनीत परत आला, अमेरिकन लष्करी प्रशासनाचा चित्रपट अधिकारी म्हणून. कोणाला चित्रपट काढू द्यायचे हे आता त्याच्या हातात. नाझी काळात बिनबोभाट कामं केलेले लोकही चित्रपटसृष्टीत होतेच. आणि इथल्या ज्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत त्याने सगळं केलं, तो रशियनांच्या ताब्यात. तिथे डेफा ही त्यांच्या भागातली चित्रपट कंपनी सुरू झाली होती. अधिकार हातात होते, पण त्याचा स्टुडिओ दुसऱ्याच्या राज्यात. १९५६ मध्ये तो पुन्हा अमेरिकेला गेला आणि दहा वर्षांनी तिथेच वारला.

मी रोज एस-सात लोकलने त्याच बाजूने जातो. स्टुडिओच्या फाटकातून हल्ली बसने आलेले पर्यटक आत जात असतात. त्याच्या जागी तुम्ही असता तर आला असता का हो परत? मी असतो तर नसतो आलो, असं वाटतं. पण मी अजून कुठे काही कमावलंय की कुणी ते काढून घ्यावं.

एक काम आहे. तुमची ती लाल कापडी बांधणीची खर्चवही माळ्यावर असेल, ती रद्दीत देऊ नका. "घोडे परत, चारा शिल्लक, अर्धा दर कापला" लिहिलेल्या पानाचा फोटो बंटीकडून पाठवा. बाईंना दाखवायचाय.

काकूला नमस्कार. थंडी आहे, पण तिने दिलेला स्वेटर पुरतो.

तुमचा,
सुहास