शीतगृहांना अनुदान देताना गॅसचाही विचार व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षहंगाम तोंडावर आला की निफाड, पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यात प्री-कूलिंग (काढणीनंतर लगेच फळे गार करणे) आणि शीतगृहांच्या नव्या प्रस्तावांची लगबग सुरू होते. कर्ज, अनुदान, वीजजोडणी यांची बारकाईने चौकशी होते; यंत्रात कोणता गॅस भरणार, हे मात्र बहुधा मेकॅनिकवर सोडले जाते. मोठी शीतगृहे अमोनियावर चालतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. काळजी वाटते ती लहान शीतखोल्यांची आणि सुपरमार्केटमधील फ्रीझरांची. तेथे वापरात असलेला आर-४०४ए हा शीतक, म्हणजे यंत्रात थंडावा निर्माण करणारा वायू, एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गटातला आहे. तो एक किलो जरी हवेत गेला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवतो. पाइपच्या जोडातून गळती झाली की गॅस पुन्हा भरून वेळ मारून नेली जाते.

खुद्द कार्बन डायऑक्साइड शीतक म्हणून वापरला, तर हा आकडा एकवर येतो. शिवाय तो पेटत नाही आणि ओझोनलाही अपाय करत नाही. अडचण आहे ती आपल्या उन्हाळ्याची. ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये यंत्रणा ९० बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ९० पट) पुढे चालवावी लागते आणि वीज जास्त जाते. इजेक्टर (वाया जाणारा दाब कामी आणणारे साधन), समांतर (जोडीने चालणारा जादा) कॉम्प्रेसर आणि ओल्या पॅडमधून गार केलेली हवा यांनी ती बरीच वाचते. त्यातही द्राक्षांच्या प्री-कूलिंगचा मोठा भार ज्या महिन्यांत असतो, त्यांतील जानेवारीच्या रात्री निफाडचा पारा अनेकदा राज्यात नीचांकी असतो, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या तप्त वायूवर ६० ते ८० अंशांचे पाणी मिळते. वाइनरीत टाक्या धुण्यासाठी ते थेट कामी येईल.

एचएफसी वायू कमी करण्यासाठी मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात झालेल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून एचएफसी वायूंची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. आज बसवलेले यंत्र तेव्हाही चालू असेल. म्हणून अनुदानाच्या अर्जात शीतकाचे नाव आणि गळतीची नोंद बंधनकारक करावी, तसेच कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रणेला वाढीव साहाय्य द्यावे, अशी कृषी विभागाला विनंती आहे. हा वायू हवेपेक्षा जड व गंधहीन असल्याने बंद खोलीत सेन्सर हवाच. उच्च दाबाच्या यंत्रणेचे प्रशिक्षणही जिल्ह्यातील आयटीआयमध्ये येत्या वर्षापासून सुरू व्हावे.

— एक वाचक, नाशिक