प्लॉट तोच, गडर लाइनही तीच

संपादक महोदय,

नागपुरात बड्या घरांची वस्ती म्हटली की सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ, शिवाजीनगर हीच नावं निघतात. (वर्धमाननगरचे व्यापारी रागावतील, पण आज विषय पश्चिमेचा आहे.) मुद्दा पैशापेक्षा उताराचा आहे. नाग नदी अंबाझरीकडून सीताबर्डीमार्गे पूर्वेला पारडी-भरतवाड्याकडे जाते. धरमपेठेने सोडलेलं पाणी पूर्व नागपूरच्या दारावरून वाहतं.

जुने बंगले पाडून तिथे फ्लॅट स्कीम येताहेत. बंगल्यात पाच माणसं, दरडोई १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गडरला (सांडपाण्याच्या लाइनला), म्हणजे दिवसाला ५४० लिटर. त्याच प्लॉटवर बारा फ्लॅट झाले की माणसं साठ आणि सांडपाणी ६,४८० लिटर. गल्लीतली लाइन मात्र बंगल्यांच्या हिशेबाने टाकलेली. एका स्कीमने फारसं बिघडत नाही. चार-पाच झाल्या की सकाळी सात ते नऊ चेंबर तोंडापर्यंत भरतो, आणि उलटं पाणी आधी उरलेल्या बंगल्याच्या मोरीतून वर येतं. उंच झालेल्या सिमेंट रोडमुळे तो बंगला आधीच खड्ड्यात गेलेला असतो.

पावसाचंही तसंच. पूर्वी मागे बाग होती, आता कुंपणापर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे. ५,००० चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे २३,००० लिटर पाणी सरळ रस्त्यावर. पावसाचं पाणी जमिनीत जिरवण्याची सक्ती ५०० चौरस मीटरपासून पुढे; हा प्लॉट ४६५ चौरस मीटरचा, म्हणून सुटतो! जिथे शोषखड्डा आहे, तिथे त्यात पार्किंग धुतलेलं पाणीही सोडतात. तेल आणि माती वरच्या वाळूत बसून खड्डा तुंबतो. छताचंच पाणी गाळाच्या टाकीतून आत घ्यावं, वाळूचा वरचा थर दर मे महिन्यात खरवडून बदलावा, एवढंच काम असतं. ते कोणाचं, यावर सोसायटीत एकमत होत नाही.

पाणी फक्त पूर्वेलाच तुंबतं असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पश्चिमेकडच्या अंबाझरी आणि डागा ले-आउटमधल्या घरांतही पाणी शिरलं होतं.

नकाशा मंजूर करताना एका प्लॉटचा नव्हे, अख्ख्या गल्लीचा भार मोजावा. भोगवटा प्रमाणपत्राआधी शोषखड्ड्यात ५,००० लिटरचा टँकर रिकामा करून पाणी किती तासांत जिरतं ते पाहावं. टँकर अर्थात बिल्डरनेच आणावा.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नागपूर