पाठीला नमस्कार

पक्या,

आठ महिने पत्र नाही, तेव्हा काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. तब्येत बरी. गुडघा जिथं होता तिथंच.

ती पाच फुटी डिशएंड आठवते, टाकीचं वाटीसारखं टोक? टाकीची ऑर्डर रद्द झाली नि माझ्या गळ्यात पडली ती. तिला उभी करून रुळाच्या तुकड्यावर वेल्ड केली, खोलगट बाजूला दीड महिना बफ मारून आरसा केला. लांबून आपण उलटे दिसतो, अगदी जवळ गेलं की सुलटे. गेल्या शनिवारी शेड उघडली, तर मागच्या फुगीर बाजूला शेंदूर! तेलात कालवून थापलेला. पुढ्यात रुईची माळ, फोडलेला नारळ. वॉचमनचं काम. खडसावणार होतो, तेवढ्यात बफिंगचा पोरगा चप्पल बाहेर काढून आत आला. चालत्या ग्राइंडरशेजारी तंबाखू मळणारा हा!

२०१० साली मेहबूब स्टुडिओत शिल्पकार अनिश कपूरची तोफ बघितली आपण, कोपऱ्यात लाल मेणाचे गोळे धाडधाड. तू म्हणालास, यापेक्षा आपला मारुती बरा, त्याला शेंदूर सावकाश तरी चढतो. बांद्रा स्टेशनपर्यंत भांडलो. (वडापावचे पैसे अजून येणं आहे.) कपूरच्या दुसऱ्या एका कामाचं नावच 'स्वयंभू'. मेणाचा अजस्र ठोकळा रुळांवरून दारांत घासत जातो, चौकटीच त्याला आकार देतात. माझा स्वयंभू वॉचमनने एका रात्रीत केला.

दहा तारखेला गॅलरीवाली बाई येतेय. पुसलं तर वॉचमनला तोंड कसं दाखवू? ठेवलं तर देव विकल्यासारखं. त्यात नारळपाणी वेल्डवर ओघळलंय, पत्रा ३०४ स्टेनलेसचा, पिटिंग धरलं, बारीक खड्डे पडले म्हणजे? आपले दाढीवाले सर असते तर म्हणाले असते, "हात लावू नका, वाळू द्या." सप्तशृंगीवरचा हजार किलोच्या वर शेंदूर २०२२ साली उतरवला, तेव्हा खालची मूळ मूर्ती दिसली. माझ्याकडे खाली काय निघणार? ग्राइंडरचे ओरखडे.

आणि खरं सांगू? शेंदराने ती जास्त चांगली दिसते, हेच सलतंय. माझ्या आरशासमोर जो आला त्याने केस नीट केले. नमस्कार मात्र पाठीला.

छकुलीचा दहावीचा निकाल कळला, पेढे माझ्याकडे लागले. प्लॉटची भानगड मिटली का? वहिनींना नमस्कार.

दहाच्या आत लिही. थिनर आणून ठेवलाय, डबा अजून फोडलेला नाही.

तुझा,
सुऱ्या