कप्तानाचा हात आता निखळत नाही

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

टेबलावरच्या युद्धखेळासाठी बनवलेली माझी छोट्या मूर्तींची फौज, बुडालेल्या खलाशांची, तुम्हाला आठवत असेलच. समुद्रतळाशी गेलेलं एक अख्खं जहाज पुन्हा उठून लढायला येतं, अशी कल्पना. मनासारखा तयार संच मिळेना, तेव्हा सांगाड्यांची धडं, माणसांच्या संचातले हात आणि डोकी असा किटबॅश, म्हणजे वेगवेगळ्या संचांतल्या तुकड्यांची जोडाजोड, करून मी वीसेक शिपाई उभे केले. कप्तानाला एका जुन्या मिनिएचरचा (छोट्या मूर्तीचा) धातूचा हात लावला, हातात लांबलचक हार्पून. डोक्यात फौज झकास होती. टेबलावर पहिल्याच खेळात, दुसऱ्या फेरीला, कप्तानाचा हात खांद्यातून निखळला. समोरचा खेळाडू बिचारा सभ्यपणे थांबला आणि मी टेबलाखाली रांगत हात शोधत होतो.

तुम्ही मूर्ती उचललीत, पण तुटलेल्या खांद्याकडे बघितलंच नाही. पायांकडे बघत विचारलंत, "याचं वजन कुठल्या पायावर आहे?" मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही मला उभं केलंत, हातात मोजपट्टी दिलीत आणि म्हणालात, "फेका बघू हार्पून." हात मागे गेला तसं सगळं वजन मागच्या पायावर आलं, कंबर वळली, पुढचा खांदा खाली गेला. माझ्या कप्तानाचे पाय मात्र पहाऱ्यावरच्या शिपायाचे होते, दोन्ही टाचा टेकून सरळ उभे. हात फेकणाऱ्याचा, पाय झोपाळलेल्याचा! जेमतेम 28 मिलिमीटर उंचीच्या मूर्तीत हे कोणाला दिसणार, असं मला वाटायचं. नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण दिसतं सगळ्यांना.

आणि मग तुम्ही करवतीने त्याची कंबर कापलीत. माझ्यासमोर! दोन आठवड्यांचं रंगकाम होतं ते, ताई. त्या क्षणी तुमचे आभार मानायचं माझ्या अजिबात मनात नव्हतं.

हाताचं दुखणं साधं निघालं. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, पण धातूवर त्याचं काही चालत नाही. सुपरग्लू धातूला धरतो, पण एक टिचकी बसली की सुटतो. तिथे पिनच हवी. हाताच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा, खांद्यावर टेकवायचा, ठसा उमटेल तिथे पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) 1 मिलिमीटरचं भोक पाडायचं. तसंच हातात, मध्ये पितळी तार. याआधी माझी दोन भोकं कधी समोरासमोर आली नव्हती.

ग्रीन स्टफचं, म्हणजे निळा आणि पिवळा भाग एकत्र मळून वापरायच्या पुट्टीचं, मात्र मी तुमचं कायमचं ऋण मानतो. पुट्टीत बारीक कडक कण येतात म्हणून मी महिनोन्महिने पुट्टीला शिव्या घालत होतो. तुम्ही पट्टी हातात घेतलीत आणि निळा-पिवळा जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तो मधला दोनेक मिलिमीटरचा भाग ब्लेडने कापून फेकून दिलात. तो पाकिटातच कडक झालेला असतो! मग मळून झाल्यावर अर्धा तास हात लावू दिला नाहीत. चिकटपणा उतरल्यावर ओल्या सुईने पहिला शिंपला झाला: मोहरीएवढी गोळी, टोकाला खड्डा, कडेने चार रेघा. कापलेल्या कंबरेची फट तशाच शिंपल्यांखाली गडप झाली. मास्क न लावता रेझिन घासताना पकडून जे झापलंत, त्याचेही आभार. आता पाण्यातच घासतो.

एक गोष्ट अजून पटलेली नाही. "निम्मे शिंपले काढा, डोळ्याला थारा मिळत नाही," असं तुमचं म्हणणं. तिघांचे काढले. बाकीच्यांचे राहणार.

परवा कप्तान टेबलावरून थेट फरशीवर पडला. हार्पून वाकलं, हात जागेवर होता.

तुम्ही दिलेली बिट्सची (संचांतून उरलेल्या सुट्या तुकड्यांची) डबी अजून माझ्याकडेच आहे. त्यातला एक खोगिराचा तुकडा वापरला, बाकी परत करतो. खोगीर लागलं, कारण आता समुद्रघोड्यावरचा स्वार बनवायला काढलाय. सवयीप्रमाणे आधी वजन कुठल्या पायावर ते बघायला गेलो, तर त्या घोड्याला पायच नाहीत. आता उभं राहून काय करून बघायचं, तेवढं सांगा.

आपला,
टेबलाखाली हात शोधणारा